रविवार कोणाचा? निकिशोव्येत्स आणि गिशोव्येत्स या दोन खाण-वसाहतींचा प्रकरण अभ्यास

पोलंडच्या दक्षिणेला, सिलेसिया नावाच्या प्रदेशात, कातोवित्से हे शहर आहे. त्याच्या आग्नेयेला, एकेकाळच्या जंगलात, एकाच कोळसा कंपनीनं थोड्या वर्षांच्या अंतरानं दोन वसाहती बांधायला घेतल्या. एकीचं नाव गिशोव्येत्स, दुसरीचं निकिशोव्येत्स. निकिशोव्येत्सला लागून यानूव हे जुनं गाव. आज हे सगळे कातोवित्सेचे भाग आहेत, तेव्हा नव्हते.

या प्रकरणाचा काळ जून १९२२ ते सप्टेंबर १९३९ असा आहे. जून १९२२ मध्ये हा भाग जर्मनीकडून पोलंडकडे आला आणि सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजांनी तो पुन्हा घेतला. मधल्या सतरा वर्षांत खाणीतून वर आलेला माणूस, आणि त्याच्या घरची माणसं, आपला मोकळा वेळ कशात घालवत होती, हे मला बघायचं आहे. त्याहून जास्त बघायचं आहे ते हे, की त्या वेळेवर हक्क सांगणारे किती जण होते. कंपनी होती, चर्च होतं, पोलिश सरकार होतं, जर्मन अल्पसंख्याकांच्या संघटना होत्या. एका रविवारासाठी चार दावेदार म्हणजे जरा जास्तच झाले.

जागा आणि मालक

गीशे हे नाव या भागात १७०४ पासूनचं. त्या साली ब्रेस्लाऊ शहरातल्या गेओर्ग गीशे या व्यापाऱ्याला जस्ताचं खनिज काढायची सनद मिळाली होती. पुढं त्याच्या वारसांची कंपनी वाढत गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला नव्या खाणीसाठी मजूर हवे झाले. जंगलात खाण काढायची तर माणसं राहणार कुठं? म्हणून १९०७ ते १९१० या काळात गिशोव्येत्स उभं राहिलं, आणि १९०८ पासून निकिशोव्येत्सच्या कामाला हात घातला गेला. दोन्हींचे वास्तुरचनाकार तेच, एमिल आणि गेओर्ग त्सिलमान हे चुलतभाऊ.

पण दोघांनी कागदावर काढलं ते मात्र एकदम निराळं. गिशोव्येत्स म्हणजे बागांचं गाव. उतरत्या छपरांची बैठी घरं, बहुतेक दोन कुटुंबांना मिळून एक, प्रत्येकाला परसबाग. मध्यभागी चौक, दुकानं, शाळा आणि मोठ्या सभागृहाची खानावळ. निकिशोव्येत्स म्हणजे लाल विटांचे नऊ प्रचंड चौसोपी वाडे, तीन मजली, कमानींनी आणि पुलांनी एकमेकांना जोडलेले. प्रत्येक वाड्याच्या पोटात मोठं अंगण. अशा कामगार इमारतीला तिथं ‘फामिलोक’ म्हणतात. मराठी वाचकाला चाळ आठवेल आणि ते फारसं चुकीचं नाही, फक्त इथं गॅलरी नाही. इथं सगळा कारभार खिडकी, जिना आणि अंगण यांतून चालतो. खिडक्यांच्या कडा लाल रंगानं रंगवलेल्या असत, आजही असतात.

या दोन वसाहतींना जोडणारी एक छोटी आगगाडी होती. लोक तिला ‘बाल्कन’ म्हणत. तिकीट नसे. कामावर जायला ती होतीच, पण बाजारहाटाला आणि नातेवाइकांकडे जायलाही तीच. फुकटची गाडी म्हणजे फिरण्याची सोय, हे कंपनीच्या हिशेबात होतं की नाही कोण जाणे. लोकांच्या हिशेबात ते नक्की होतं.

घर कंपनीचं, गाडी कंपनीची, कपडे धुण्याची जागा कंपनीची, दुकानाची इमारतसुद्धा कंपनीची. यात मेहरबानी किती आणि धोरण किती, यावर वाद घालता येईल. माझ्या मते मेहरबानी हा शब्दच इथं गैरलागू आहे. घर नोकरीला बांधलेलं असलं की माणूस नोकरी सोडताना दोनदा विचार करतो, संपावर जाताना चारदा. अंगणात फिरणारी मुलं, कबुतरांचे खुराडे, भाजीचे वाफे, हे सगळं त्या एका करारावर उभं होतं. फुरसतीविषयी पुढं जे सांगणार आहे ते वाचताना ही गोष्ट विसरायची नाही.

रविवारच का

खाण पाळ्यांवर चालते. एका घरात बाप सकाळच्या पाळीला, मोठा मुलगा रात्रीच्या, धाकटा दुपारच्या, असं सहज घडायचं. मग आठवडाभर त्या घरात ‘संध्याकाळ’ अशी सगळ्यांची मिळून नसतेच. कोणी झोपलेलं, कोणी निघालेलं, कोणाचं आंघोळीचं पाणी तापतंय. बाईचं घड्याळ तर तिन्ही पाळ्यांवर लावलेलं. त्यामुळं सगळ्यांचा म्हणून एकच वेळ उरतो, तो रविवार.

त्या दिवसाचं जेवण ठरलेलं असे. मांसाची सारण भरलेली गुंडाळी, जांभळा कोबी आणि बटाट्याचे गोळे. गोळ्याच्या मधोमध अंगठ्यानं दाबून खड्डा करायचा, म्हणजे रस्सा त्यात थांबतो. सिलेसियातल्या कुठल्याही घरी आजही तुम्हाला हे ताट मिळेल. तो अंगठ्याचा खड्डा नसेल तर गोळा दुसरीकडचा.

जेवणाआधी चर्च. निकिशोव्येत्सचं संत अॅनाचं चर्च पहिल्या महायुद्धाआधी बांधायला घेतलं आणि १९२७ मध्ये त्याचं विधिवत अभिषेचन झालं. म्हणजे वसाहत पोलंडमध्ये गेल्यावर पाच वर्षांनी. संत अॅनाचा सण २६ जुलैला. त्या सुमारास चर्चची जत्रा भरे. मिठाईची दुकानं, पोरांची खेळणी, पाळणा, आणि बाहेरगावचे पाहुणे. उन्हाळ्यात प्येकारी या तीर्थक्षेत्री मरियामातेच्या दर्शनाला पायी जत्थे निघत. भक्ती त्यात होतीच, पण ज्याला रजा घेऊन समुद्रावर जाणं परवडत नाही त्याच्यासाठी वर्षातली मोठी सहलही तीच होती. वारीला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि मग ४ डिसेंबर, संत बार्बाराचा दिवस. खाणीच्या वाद्यवृंदानं पहाटेच्या अंधारात गल्ल्यांतून वाजवत फिरायचं आणि खाणकामगारांना उठवायचं. काळा गणवेश, पिसांच्या तुऱ्याची उंच टोपी, थंडीनं गोठलेली पितळी वाद्यं. मग मिरवणुकीनं चर्च आणि त्यानंतर बिअर. खाणीत अचानक मरण येतं, आणि अचानक मरणाऱ्याला सांभाळणारी संत ही बार्बारा. त्यामुळं हा सण धर्माचा होता, धंद्याचा होता आणि गल्लीचाही होता. पोलिश नभोवाणीचं कातोवित्से केंद्र सुरू झालं तेही १९२७ च्या ४ डिसेंबरला. तारीख सहज निवडलेली नसणार.

अंगण

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे. कंपनीनं निकिशोव्येत्सच्या अंगणात पावाच्या भट्ट्या बांधून दिल्या होत्या. स्थानिक बोलीत त्यांना ‘प्येकारोक’ म्हणत. शेजारी डुकरं-सशांसाठी आणि सामानासाठी छोट्या खोपट्या. खेड्यातून आलेल्या मजुराला खेड्याची आठवण येऊ नये, त्याला पगाराखेरीज थोडं पिकवता-पाळता यावं, असा नकाशा काढणाऱ्यांचा विचार.

भट्टीचं काम एकटीनं होत नाही. ती तापायला वेळ लागतो, लाकूड लागतं, आणि एकदा तापली की चार घरांचे पाव निघेपर्यंत ती थंड होऊ देणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून बायका पाळी लावून पाव भाजत. पीठ घरात मळायचं, टोपलीत फुगवायचं, फडक्याखाली झाकून अंगणात आणायचं, निखारे ओढून काढायचे, आणि लांब दांड्याच्या फळीवरून गोळा आत सरकवायचा. मग बसायचं. हे ‘बसायचं’ फार महत्त्वाचं. पाव भाजला जाईपर्यंत तिथून हलता येत नाही, आणि दुसरं कामही हाताशी नाही. अख्ख्या आठवड्यात बाईला कोणी जाब विचारणार नाही असा हा तासभर. लग्न जवळ आलं की पावाऐवजी ‘कोवोच’ भाजला जाई. चीज, खसखस किंवा सफरचंद भरलेली आणि वर साखर-लोण्याचा चुरा टाकलेली ही पोळी लग्नाआधी शेजारी-नातलगांकडे वाटायची रीत. कोणाच्या घरी कोवोच गेला आणि कोणाच्या घरी गेला नाही, हा मग पुढच्या भट्टीपर्यंत पुरेल एवढा विषय.

अशा गप्पांना तिकडच्या बोलीत ‘क्लाही’ म्हणतात. क्लाहींची दुसरी जागा खिडकी. उंबरठ्यासारख्या रुंद चौकटीवर उशी ठेवायची, त्यावर कोपरं टेकायची आणि अंगणात कोण येतंय जातंय ते बघत बसायचं. तिसरी जागा कंपनीचं धुलाईघर. तिथं कपड्यांना इस्त्री करण्याऐवजी दाबून सपाट करणारं मोठं लाकडी रुळांचं यंत्र होतं. चादरी त्यातून काढायच्या तर दोघीजणी लागतात. पुन्हा पाळी, पुन्हा वाट बघणं, पुन्हा क्लाही.

हिवाळ्यात हेच काम घरात शिरे. हंसाची पिसं साठवून ठेवलेली असत. संध्याकाळी एका घरी पाच-सहा बायका टेबलाभोवती बसत आणि पिसाच्या दांडीपासून मऊ भाग ओरबाडून वेगळा करत. त्याची रजई मुलीच्या लग्नात द्यायची. खोलीत जोरानं हसायचं नाही, दार धाडकन उघडायचं नाही, नाहीतर संध्याकाळभराचं काम छताला चिकटेल. गल्लीतल्या टवाळ पोरांना हे पक्कं माहीत असे. चिमणी पकडून खोलीत सोडून देणं हा त्यांचा जुना, सगळ्या पोलंडला ठाऊक असलेला उद्योग. काम संपलं की घरधनीण खाऊ-पिऊ घालायची.

बायकांच्या वेळेचा हा तपशील मी मुद्दाम लांबवला. कामगारांच्या ‘करमणुकी’च्या कोष्टकात फुटबॉल, वाद्यवृंद, गायनमंडळ, कबुतरं, पत्ते असे रकाने सापडतात. भट्टीचा रकाना सापडत नाही, कारण ते ‘काम’. या वस्तीतल्या बाईच्या दिवसात काम आणि विरंगुळा यांच्यामध्ये रेघ ओढायला गेलात तर रेघ पिठातून आणि पिसांतून जाईल.

पुरुषांचा कोपरा

पुरुषांकडे कबुतरं आणि पत्ते. माळ्यावर खुराडं, त्यात टपाल कबुतरं. ती दूर नेऊन सोडायची आणि कोणाचं आधी परत येतं ते बघायचं. दिवसाचे आठ तास जमिनीखाली काढणारा माणूस रविवारी तासन् तास आकाशाकडे बघत उभा राहतो, यावर कवीमंडळींनी बरंच लिहून झालं असेल, मी थांबतो. इतकंच सांगतो की सिलेसियात हा छंद अजूनही जिवंत आहे.

पत्त्यांमध्ये ‘श्काट’. तिघांचा खेळ, बत्तीस पानं, प्रत्येकाला दहा, आणि दोन पानं मधे पालथी. बोली लावून जो जिंकतो तो ती दोन पानं उचलतो आणि उरलेल्या दोघांविरुद्ध एकटा खेळतो. खेळ जन्मला जर्मनीतल्या आल्टेनबुर्गला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सिलेसियातल्या माणसानं त्याचं नाव आपल्या जिभेला वळवलं, पण डावाचे शब्द जर्मनच राहू दिले. सरकार रस्त्यांच्या पाट्या बदलत असताना पत्त्यांच्या टेबलावर ही भाषा तशीच चालली.

बाहेरचे दावेदार

१९२१ च्या २० मार्चला इथं सार्वमत झालं होतं. अख्ख्या वरच्या सिलेसियात सुमारे ६० टक्के मतं जर्मनीला, ४० टक्के पोलंडला. त्याच्या आगे-मागे, १९१९, १९२० आणि १९२१ मध्ये, पोलिश बाजूनं तीन उठाव झाले. शेवटी राष्ट्रसंघानं प्रदेश विभागला आणि बऱ्याचशा खाणी असलेला पूर्वेचा तुकडा पोलंडला मिळाला. त्याला स्वतःची विधानसभा आणि स्वतःची तिजोरी असलेली स्वायत्तता होती. म्हणजे १९२२ साली एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन कुटुंबांनी एकमेकांविरुद्ध मतदान केलेलं असणं, आणि आता संडास एकच वापरणं, ही रोजची परिस्थिती होती.

अशा ठिकाणी गायनमंडळ हे फक्त गायनमंडळ राहत नाही. पोलिश गायनसंस्थांचा सिलेसियातला संघ १९१० पासूनचा, तोही जर्मन अमलात बितोममध्ये सुरू झालेला. व्यायामासाठी ‘सोकुव’, म्हणजे ससाणा, ही पोलिश संघटना. वाचनासाठी ‘लोकवाचनालय संस्था’. या तिन्हींचा जन्म पोलंड नकाशावर नसतानाचा. राज्य नव्हतं तेव्हा कसरत, गाणं आणि पुस्तक हेच राज्याचं काम करत होते. १९२२ नंतर राज्य आलं, पण सवय गेली नाही. १९२६ मध्ये मिखाव ग्राझिन्स्की प्रांताचे राज्यपाल झाले आणि १९३९ पर्यंत राहिले. ते स्वतः तिसऱ्या उठावातले, त्यामुळं उठावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेला त्यांच्या काळात जोर आला. समोर जर्मनांचा ‘फोल्क्सबुंड’ हा संघ, त्यांच्या शाळा, त्यांची ग्रंथालयं, त्यांचे क्लब. १९२२ च्या जिनिव्हा करारानं त्यांना पंधरा वर्षांचं संरक्षण दिलं होतं.

तुमचं पोर कुठल्या शाळेत, तुम्ही कुठल्या गायनमंडळात, रविवारी कुठल्या मैदानावर, यावरून लोक तुमचा हिशेब मांडत. त्या हिशेबावर नोकरीही अवलंबून असे, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. पण बऱ्याच घरांत लोक असा विचार करत नव्हते, असं माझं मत आहे. घरात जी बोली बोलत ती पोलिशची, पण जर्मन शब्दांनी खच्चून भरलेली. विचारलं तर ‘आम्ही इथले’ एवढंच सांगणारे पुष्कळ. ज्या क्लबाचं मैदान जवळ, ज्या मंडळाचा मास्तर चांगला, तिकडे पाय वळायचे.

फुटबॉलमध्ये हे उघड दिसतं. पोलंडची पहिली राष्ट्रीय लीग १९२७ ची. त्यात जर्मन अल्पसंख्याकांचा क्लब, १. एफसी कातोवित्से, विजेतेपदाच्या दारात पोचला होता. सप्टेंबरमध्ये क्राकूवचा विस्वा संघ कातोवित्सेला आला आणि २–० नं जिंकून गेला. प्रेक्षकांमध्ये जो तणाव होता तो खेळाचा नव्हता. याच जर्मन क्लबात वाढलेला एर्नेस्ट विलिमोव्स्की १९३४ मध्ये शेजारच्या व्येल्कीये हायदुकीच्या रुख संघात गेला, म्हणजे सार्वमताच्या धामधुमीत १९२० साली पोलिश बाजूनं काढलेल्या संघात. त्या मोसमात त्यानं लीगमध्ये ३३ गोल केले. १९३८ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध चार केले, तरी पोलंड ५–६ नं हरला. युद्धात तो जर्मनीकडून खेळला, आणि पुढं पोलंडमध्ये त्याचं नाव घेणंही अवघड झालं. राष्ट्रांनी त्याच्यावर जे ओझं टाकलं ते त्यानं स्वतः कधी उचललेलं दिसत नाही. त्याला चेंडू हवा होता.

यानूवलाही १९२० पासून आपला क्लब होता, नाव ‘नाप्शूत’, म्हणजे ‘पुढे’. आणि १९३० मध्ये कातोवित्सेला पोलंडमधलं पहिलं कृत्रिम बर्फाचं मैदान झालं. त्याबद्दल इथं एवढंच पुरे.

नभोवाणीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिनं दावा सांगितला तो गोड बोलून. स्तानिस्वाव लिगोन्य नावाचे चित्रकार-लेखक ‘कोत्सिंदरचा कार्लिक’ या नावानं रविवारी सिलेसियाच्या बोलीत किस्से सांगत. सरकारी नभोवाणीवर आपल्या अंगणातली बोली ऐकू येणं, ही त्या लोकांसाठी केवढी मोठी गोष्ट असेल! शाळेत जी बोली मास्तर सुधारायला जात, तीच पेटीतून येत होती. सगळ्यांकडे व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ नव्हता. स्फटिकाच्या खड्यावर चालणाऱ्या साध्या रेडिओचा इअरफोन कानाला लावायचा, आणि घरातल्या बाकीच्यांना ऐकवायचं तर तो वाडग्यात ठेवायचा, म्हणजे आवाज जरा मोठा होतो.

अमेरिकन आणि गोल्फ

१९२६ मध्ये गीशेच्या पोलंडमधल्या मालमत्तेचा ताबा अमेरिकन भांडवलाकडे गेला. अॅनाकोंडा ही तांब्याची कंपनी आणि अॅव्हरेल हॅरिमन यांनी मिळून सिलेसियन-अमेरिकन कॉर्पोरेशन उभं केलं. हे तेच हॅरिमन, जे पुढं दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोला अमेरिकेचे राजदूत होते. कारभार बघायला अमेरिकन व्यवस्थापक आले, त्यांच्यासाठी गिशोव्येत्समध्ये बंगले उठले, आणि त्यांच्याबरोबर गोल्फ आला.

कोळशाच्या वसाहतीला लागून गोल्फचं हिरवळीचं मैदान. वसाहतीच्या मूळ आराखड्यात साहेबांची घरं वेगळी होतीच, त्यामुळं अंतर नवं नव्हतं. पण जर्मन अधिकारी निदान त्याच खानावळीच्या सभागृहात यायचा, त्याच चर्चमध्ये बसायचा. गोल्फला तसा कुठलाच सामायिक धागा नव्हता. चारही दावेदारांपैकी फक्त याच मालकाला कामगाराच्या रविवारात काडीचा रस नव्हता, आणि मला वाटतं त्यामुळंच त्याच्याविषयी कडवटपणा सगळ्यात कमी राहिला. पुढच्या पिढ्यांना त्याच्या गमती आठवल्या.

रिकामपण

१९२९ नंतरच्या मंदीनं या सगळ्याचं गणित उलटं केलं. खाणी बंद पडल्या किंवा आठवड्यातले थोडे दिवस चालू लागल्या. बिनपगारी सक्तीच्या सुट्ट्या आल्या. आता वेळच वेळ होता, पण पैशाविना. कातोवित्सेच्या आसपास बेकारांनी स्वतःच उथळ विहिरी खणून कोळसा काढायला सुरुवात केली. त्यांना ‘ब्येदाशिब’ म्हणत, म्हणजे गरिबीच्या खाणी. लाकडाच्या टेकूशिवाय, हातरहाटानं बादली खाली-वर करत. माती कोसळून माणसं मरत. पोलीस येऊन स्फोटकांनी त्या विहिरी बुजवत, आणि लोक शेजारी नवी खणत.

गिशोव्येत्सच्या परसबागा आणि निकिशोव्येत्सच्या खोपट्या आता छंदाच्या राहिल्या नाहीत. ससा आता ताटातला झाला. या काळाबद्दल लिहिताना ‘फुरसत’ हा शब्द माझ्या हातून उतरत नाही. आणि तरीही याच दशकात या वस्त्यांमधून एक अशी गोष्ट वाढली, जिचा कंपनी, चर्च, पोलिश सरकार, जर्मन संघटना यांपैकी कोणालाच पत्ता नव्हता.

वीजघरातला माणूस

तेओफिल ओच्येप्का हा यानूवचा, जन्म १८९१. खाणीच्या वीजघरात यंत्रचालक. पहिल्या महायुद्धात तो जर्मन सैन्यात होता आणि तिथं गूढविद्येच्या पुस्तकांशी त्याची गाठ पडली. परत आल्यावर त्याचा विटेनबर्गच्या फिलिप होमान नावाच्या गुरूशी पत्रव्यवहार सुरू झाला. यानूवमध्ये त्याच्याभोवती गूढवाद्यांचा एक छोटा गट जमला. खाणकामगार, दिवसभर कोळसा आणि रात्री आत्म्याच्या प्रवासाची चर्चा. गुरूच्या सांगण्यावरून १९२० च्या दशकाच्या शेवटी ओच्येप्कानं रंग हातात घेतले. चित्रकलेचं शिक्षण शून्य.

त्यानं काय रंगवलं? शनी ग्रहावरची झाडं आणि जनावरं. दाट हिरव्या रानात एकेक पान नीट मोजून काढलेलं, त्यात सिंह, अजगर, कोणत्याही प्राणिशास्त्रात नसलेले जीव. आणि खाणीचा रक्षक आत्मा ‘स्कार्बनिक’, ज्याच्यावर इथल्या प्रत्येक खाणकामगाराचा अर्धा-मुर्धा विश्वास असे. त्याच्यासाठी ही कल्पनाचित्रं नव्हती. तो जे खरं मानत होता ते तो काढत होता.

आता या प्रकरणात त्याला कुठं बसवायचं? कंपनीच्या खानावळीत तो बसत नाही. चर्चला त्याची मतं मान्य होण्यासारखी नव्हती. पोलिश राष्ट्रकार्याला शनीवरच्या सरड्यांचा उपयोग नाही. गुरू जर्मन, पण फोल्क्सबुंडलाही ते चालण्यासारखं नाही. पाळीनंतर मिळालेल्या वेळात, कोणाचीही परवानगी न घेता, एका कामगारानं असं काही उभं केलं जे कोणाच्याच कामाचं नव्हतं. युद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, त्याच्याभोवती आणि यानूवच्या खाणीभोवती हौशी चित्रकारांचा एक गटच जमला, जो आज ‘यानूव गट’ म्हणून पोलिश कलेत ओळखला जातो. तेव्हाच्या सत्तेला खाणकामगार चित्रकार हवेच होते, पण शनी नको होता, हा पुढचा विनोद.

सप्टेंबर १९३९ नंतर

जर्मन फौजा आल्या तेव्हा त्यांच्याकडे पकडायच्या पोलिशांची छापील यादी होती, साठ हजारांहून अधिक नावांची. सिलेसियातले उठावातले लोक आणि पोलिश संघटनांचे कार्यकर्ते तिच्यात होते. एकेकाळची फुरसत आता पुरावा झाली. गायनमंडळाचं सभासदपत्र, सोकुवच्या कवायतीचा फोटो, उठाव-संघटनेचा बिल्ला, लोकांनी चुलीत टाकले. नंतर माणसांना जर्मनत्वाच्या प्रतवारीत नोंदवणारे अर्ज आले आणि बहुसंख्य सिलेसियन लोकांची त्या प्रतवारीत नोंद झाली, कधी धाकानं, कधी घर टिकावं म्हणून. श्काटच्या टेबलाची, खुराड्याची आणि भट्टीच्या पाळीची वही मात्र कोणी ठेवलेली नव्हती.

गिशोव्येत्सची बरीचशी घरं पुढं साम्यवादी काळात उंच इमारतींसाठी पाडली गेली. निकिशोव्येत्सचे नऊ वाडे टिकले, अंगणातल्या भट्ट्या आणि खोपट्या गेल्या. २०११ मध्ये वसाहतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. जुनी गीशे खाण, नंतरची व्येचोरेक, २०१८ मध्ये बंद झाली. कंपनीच्या धुलाईघरात आता कातोवित्सेच्या इतिहास संग्रहालयाची शाखा आहे. आत कामगाराच्या घरातलं स्वयंपाकघर मांडलेलं आहे, धुण्याची आणि कपडे दाबण्याची सामग्री ठेवली आहे, आणि त्याच छताखाली भिंतींवर यानूवच्या चित्रकारांची चित्रं लावली आहेत.